कंपनी, शाळा आणि माझी निळी फाईल

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या गावच्या झेडपीच्या शाळेचा पट २२ वर आलाय. आमच्या शाळेला कंपनीने मदत केल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा," म्हणाल्या. तासभर बोललो, तरी निम्मं राहिलंच. म्हणून बसून लिहून काढतेय. गावाचं, कंपनीचं, साहेबांचं, कुणाचंच नाव घालत नाही. आम्हाला अजून रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत. एवढं सांगते की गाव पुणे-नाशिक रस्त्याच्या पट्ट्यात आहे, एमआयडीसी अडीच किलोमीटरवर आहे आणि मी पिठाची गिरणी चालवते.

१२ जुलै २०२४ ला शाळेत पालकसभा होती. शाळा व्यवस्थापन समिती नवीन करायची होती. कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात. मी गिरणीवरचं दळण उरकून उशिरा पोचले, तोवर अध्यक्ष म्हणून माझं नाव लिहून झालं होतं. सगळे हसले, मीही हसले. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता.

घरी येऊन हजेरीपट बघितल्यासारखा हिशेब केला तेव्हा मात्र हसू गेलं. पहिली ते चौथी मिळून पट ३१. त्यातली ११ मुलं चौथीत, म्हणजे पुढच्या जूनला राहणार २०. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा २०२३ पासून गावोगाव चालूच होती, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं सर मीटिंगमध्ये सांगायचे. वीसच्या आतबाहेर आलो की आपलीही फाईल निघणार, ही भीती होती.

पोरं का जातात हे विचारायला मला लांब जावं लागलं नाही. गिरणीवर सगळ्या बायका येतात. पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच, "इंग्लिश मीडियम." सकाळी साडेसातला चौकात पिवळी व्हॅन येते, त्यात अठरा पोरं जातात. पण डबा भरून होईस्तोवर थांबलेल्या दोघीतिघी हळूच दुसरं बोलल्या. मुलींच्या संडासाला दार नव्हतं आणि पाणीही नव्हतं. एकीची मुलगी सकाळी दहापासून पाचपर्यंत पाणीच पीत नव्हती, जायला लागू नये म्हणून. वर्गात बल्ब होते, पण थकबाकीपायी मीटर काढून नेलेला. चारपैकी दोन खोल्या गळक्या, एका खोलीच्या भिंतीवर लाल अक्षरात 'वापर करू नये' लिहिलेलं. दोन शिक्षक, त्यातले एक निवडणुकीच्या कामात सारखे बाहेर. शिकवण्याबद्दल तक्रार कुणाचीच नव्हती, हे मी सरांना मुद्दाम सांगितलं. त्यांना बरं वाटलं असावं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला. सरपंच म्हणाले, शाळेची इमारत झेडपीची, आपण हात लावू शकत नाही. मग ग्रामसेवकांनीच वाट दाखवली. पंधराव्या वित्त आयोगाचा जो बंधित निधी तेव्हा यायचा तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असायचा, त्यातून शाळेला नळजोडणी देता येत होती. तसा ठराव झाला आणि दिवाळीनंतर जोडणी आलीही. तुम्ही कंपनीकडे जाण्याआधी हे विचारून घ्या. ग्रामपंचायतीने काहीतरी केलेलं दिसलं की बाहेरचा माणूस पैसे घालायला कमी घाबरतो.

कंपनीकडे जायची कल्पना माझी नव्हती. आमच्याकडे दळायला येणारा एक ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "वहिनी, सीएसआर असतो ना." मला तेव्हा ती तीन अक्षरं माहीत होती, अर्थ नव्हता. नंतर कळलं ते असं: २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, १ एप्रिल २०१४ पासून लागू. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्चायची. शिक्षण त्या यादीत आहे. म्हणजे एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडचं दार वाजवण्यात अर्थ नाही. छोट्या वर्कशॉपचा मालक मनाने देईल तर देईल, कायद्याने बांधलेला नसतो. मोठ्या कंपन्यांना आपले प्रकल्प वेबसाइटवर टाकावे लागतात. मुलाच्या मामाने ते बघून सांगितलं की आमच्या जवळची गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी आरोग्य शिबिरं आणि झाडं यांवर खर्च करते. शाळा त्यांनी एकही घेतली नव्हती.

सप्टेंबरमध्ये तीनदा गेटवर गेले. पहिल्यांदा सिक्युरिटीने विचारलं, "अपॉइंटमेंट?" दुसऱ्यांदा अर्ज घेतला, पण आवकचा शिक्का द्यायला नकार. तिसऱ्यांदा सुपरवायझरने आत फोन लावला तेव्हा पास मिळाला. मोबाईल गेटवर जमा. म्हणजे शाळेचे फोटो मोबाईलमध्ये आणि मोबाईल बाहेर! फोटो छापून न्या.

एचआरच्या मॅडम तिशीच्या, बोलायला नीट. पहिलाच प्रश्न, "तुमची एनजीओ कोणती?"

"एनजीओ नाही मॅडम. शाळा व्यवस्थापन समिती."

त्या जरा थांबल्या. संस्थेमार्फत पैसा द्यायचा तर त्या संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी लागते, आयकराचे दाखले लागतात. आमच्याकडे यातलं काही नाही. मग त्यांनीच दुसरा रस्ता सांगितला: कंपनी स्वतः ठेकेदार नेमेल, त्याला थेट पैसे देईल, आपल्या हातात रुपया येणार नाही. मला ते फारच बरं वाटलं. गावात पैशाचा संशय एकदा आला की काम संपलं.

मी मोठ्या उत्साहात सांगितलं, "आमच्या शाळेतली निम्मी मुलं तुमच्याच कामगारांची आहेत." मला वाटलं हा हुकमाचा एक्का. मॅडम म्हणाल्या, "हे अर्जात असं लिहू नका." कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. शाळा सर्वांसाठी खुली आहे, असं लिहायचं. खरंही तेच आहे.

त्यांनी यादी दिली. शाळेचा ११ अंकी यूडायस कोड (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर), तीन वर्षांचा पट, समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, जागेचा उतारा, झेडपीच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि झेडपीची ना-हरकत. परत येताना चौकातल्या दुकानातून ४० रुपयांची निळी फाईल घेतली. ती पुढे अकरा महिने गिरणीतल्या हॉपरच्या मागे खिळ्याला होती. तिच्यातल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर माझा पिठाचा अंगठा आहे.

८ ऑक्टोबरला पंचायत समितीत अर्ज दिला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली.

मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. तोवर कुणी कागदावर सही करेना. त्यांचंही चुकलं म्हणत नाही, पण आम्हाला सहा आठवडे नुसतं थांबावं लागलं. त्यानंतर फाईल चालू लागली: केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तिथून बांधकाम विभाग, शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी. झेडपीवर तेव्हा २०२२ पासून प्रशासक होते, त्यामुळे ज्याच्याकडे जाऊन गाऱ्हाणं घालावं असा निवडून दिलेला सदस्यही नव्हता. तालुक्याला सात फेऱ्या, जिल्ह्याला तीन. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निभावलं; तिकिटं, झेरॉक्स, चहा सगळं मिळून माझे साधारण १९०० रुपये गेले. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांक घ्या. एका टेबलावर मला "तुमचा अर्जच नाही" असं ठामपणे सांगितलं गेलं. मी दुसरी प्रत पुढे केली. अर्ज त्याच टेबलाच्या दुसऱ्या खणात सापडला.

अभियंते डिसेंबरात आले. लाल अक्षराची खोली दुरुस्त होणार नाही, तिचं निर्लेखन करून, म्हणजे कागदोपत्री बाद करून, पाडावी लागेल, असं त्यांनी लिहिलं. दुसरी दुरुस्त होण्यासारखी निघाली. संडास, टाकी, छप्पर, फरशी, वायरिंग धरून अंदाजपत्रक ९ लाख ४० हजारांचं झालं.

मग सगळ्यात मोठी अडचण आली आणि ती सरकारी नव्हती. जागेचा सातबारा काढला तर त्यावर झेडपीचं नावच नाही. गावातल्या एका शेतकऱ्याने साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेला जागा तोंडी दिली, शाळा उभी राहिली, पिढ्या शिकून गेल्या, पण बक्षीसपत्र कुणी केलंच नाही. उताऱ्यावर आता त्यांच्या नातवाचं नाव. कंपनीच्या कायदे विभागाने कळवलं की खासगी जागेवर खर्च करता येणार नाही. विषय संपला असंच त्या पत्रात होतं, फक्त भाषा सभ्य होती.

नातू म्हणजे आमचे तात्या, वय सत्तरच्या पुढे. शनिवारी बाजरी घेऊन गिरणीवर येतात आणि पीठ जरा जाड पडलं तरी परत दळायला लावतात. त्या शनिवारी मी त्यांचं दळण मुद्दाम शेवटी घेतलं. पट्टा बंद केला, आवाज थांबला, आणि विषय काढला.

"आजानं दिलेली जागा मी काय परत मागायला लागलोय का?" तात्या म्हणाले.

"मग सही करा ना, तात्या."

"करतो. पण मला ह्ये सांग पोरी, कंपनीचा बोर्ड लागला की आमच्या आजाचं काय? आजवर कुणी त्याचं नाव एका विटेवर लिव्हलं न्हाय."

मला उत्तर देता आलं नाही. तात्यांनी बोटाच्या चिमटीत पीठ घेऊन चोळून बघितलं, "बरं पडलंय," म्हणाले आणि डबा उचलून गेले.

गावात तोवर वेगळीच हवा तयार झाली होती, की शाळा कंपनीला विकली. याला थोडा आधार होता. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने दत्तक शाळा योजना काढली, त्यात मोठी देणगी देणाऱ्याला शाळेच्या नावाला आपलं नाव जोडता येतं. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी असा आकडा आहे. शिक्षक संघटनांनी तेव्हा विरोध केला होता, व्हॉट्सॲपवर तेच मेसेज पुन्हा फिरायला लागले. माझं स्वतःचं मत विचाराल तर शाळेचं नाव बदलू नये. पण आमचं काम साडेनऊ लाखांचं. नावाचा प्रश्नच येत नव्हता. तरी मी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभी राहून ते वाचून दाखवलं आणि ठराव करून घेतला: शाळेचं नाव तेच राहील, कंपनीची पाटी दोन फूट बाय दीड फूट, आणि दरवाजाजवळ जागा देणाऱ्याच्या नावाची दगडी पाटी आधी बसेल. तात्या मागे बसले होते. दुसऱ्या दिवशी ५०० च्या स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र झालं. (१०० चा स्टॅम्प आता चालत नाही, विचारत बसू नका.) पक्कं बक्षीसपत्र अजून व्हायचंय; तात्यांच्या दोन बहिणींच्या सह्या राहिल्यात. संमतीपत्रावर कंपनी फक्त दुरुस्तीला तयार झाली, नव्या खोलीला नाही. तुमच्या शाळेचा सातबारा आजच काढून बघा. मी तो सगळ्यात शेवटी काढला आणि एक महिना घालवला.

फेब्रुवारीत कंपनीचे मोठे साहेब शाळा बघायला आले. त्यांच्या मनात टॅब, डिजिटल बोर्ड, भिंतींवर चित्रं. सरांचे डोळेही चमकले. मी साहेबांना काही न बोलता संडासाकडे घेऊन गेले. दार नसलेल्या चौकटीला पोत्याचं किलतान लावलेलं होतं, वाऱ्याने हलत होतं. साहेबांबरोबरच्या मॅडमनी विचारलं, "मुली हेच वापरतात?" "नाही वापरत," मी म्हटलं. टॅबचा विषय तिथेच मागे पडला.

वीजबिलाची थकबाकी मात्र कंपनीने भरायला नकार दिला. जुनी देणी सीएसआरमध्ये घेत नाही, म्हणाले. ११,३४० रुपये होते. गावात वर्गणी काढली, १८,६०० जमले, उरलेल्यातून मोटारीचं वायरिंग आणि दगडी पाटी केली. वर्गणीचा कागद शाळेच्या दारावर लावला, पन्नास रुपये देणाऱ्याचंही नाव त्यात.

करार त्रिपक्षीय झाला. त्यातलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं: 'हस्तांतरणानंतर देखभाल शाळा व्यवस्थापन समिती करील.' कशातून करील? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार अनुदानाचा निकष आहे, त्यात खडूपासून सगळं आलं. आणि पट ३० वर घसरला की तेच १० हजार. मी दोन वर्षांची देखभाल मागितली, एक वर्ष मिळालं. न वाचता सही केली असती तर तेही नसतं मिळालं.

मार्चमध्ये काम सुरू झालं तसं कंपनीला घाई सुटली, कारण त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरले. खिचडी देवळामागे शिजायची. २९ तारखेला मॅडम काम पूर्ण झाल्याचा दाखला घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पाडवा, त्यानंतर ईद, सही आजच हवी. फरशी, संडास, टाकी झालेली. छताचं वॉटरप्रूफिंग झालं म्हणतात, पण उन्हात ते कसं कळणार? मी सही केली आणि खाली पेनने लिहिलं, 'छताचे काम पाऊस पाहून मान्य'. मॅडम रागावल्या, मग हसल्या. त्यांनी ठेकेदाराचे दहा टक्के अडकवून ठेवले.

२०२५ चा मे आठवतोय ना? महिनाभर अवकाळी, आणि २६ मेला तर मान्सून मुंबईत हजर. आमची दुरुस्त खोली त्याच आठवड्यात दोन ठिकाणी गळली. ठेकेदार तिसऱ्या दिवशी आला. दहा टक्क्यांपायी आला, माझ्या शब्दापायी नव्हे.

आता पटाचं. पाडव्याला सरांनी 'गुढीपाडवा, पट वाढवा' फेरी काढली, त्यातून पहिलीला ७ मुलं मिळाली. पिवळ्या व्हॅनमधली ४ परत आली, मुली तीन. एवढ्याने शाळा वाचली नसती. कंपनीच्या मागे कामगारांच्या खोल्यांची रांग आहे. बिहार, झारखंड, परभणी, बीडकडची माणसं. तिथली पोरं दिवसभर पत्र्याच्या सावलीत खेळत असायची. शाळेतल्या बाई आणि मी एप्रिलमध्ये खोली-खोली फिरलो. लोकांना वाटत होतं दाखला नसेल तर शाळा घेत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं नाही. दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग मिळतो. पण आयांचा खरा प्रश्न वेगळा होता. मधे हायवे. सहा वर्षांचं पोर तो ओलांडणार कसं?

कंपनीची बस पहिल्या शिफ्टला सातला सोडते आणि मग दुपारपर्यंत गेटजवळ कडुलिंबाखाली उभी असते. मी ती रोज बघत होते, पण डोक्यात यायला एप्रिल उजाडला. मॅडमना फोन केला. आधी इन्शुरन्सचं कारण आलं, मग ड्रायव्हरच्या ड्युटीचं, मग वरून परवानगी. पाच आठवडे गेले. शेवटी अट पडली की बसमध्ये एक बाई सोबत हवी. खोल्यांतलीच एक आई तयार झाली, तिची स्वतःची दोन मुलं शाळेत येणार होती.

१६ जून २०२५. पावणेदहाला बस आली, दारातून २७ मुलं उतरली. एक बारकं पोरगं सरांना "मास्साब, मास्साब" करत थेट नव्या संडासापाशी गेलं आणि नळ सोडून बघितला. बंद केला, परत सोडला. बाईंनी ओरडायच्या आत माझ्या मुलाने त्याला हाताला धरून वर्गात नेलं. भाषेची ओढाताण आजही आहे. परभणीची एक मुलगी हिंदी-मराठी दोन्ही बोलते, तिच्याशिवाय पहिल्या महिन्यात पहिलीचा वर्ग चालला नसता.

पट ५८ झाला. साडेनऊ लाखांच्या कामाइतकीच, किंवा थोडी जास्तच, भर रिकाम्या उभ्या असलेल्या बसने घातली असं मला वाटतं. कायद्याच्या तक्त्यात ६० पर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन आहेत, त्यामुळे सर हल्ली रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक लहान मुलाकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

जुलैच्या शेवटी टाकीची मोटार जळाली. दुरुस्तीवाल्याने २८०० सांगितले. देखभालीचं वर्ष चालू होतं, म्हणून बिनधास्त कंपनीत फोन लावला. मॅडम नोकरी बदलून गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलाने नम्रपणे विचारलं, "कोणती शाळा, मॅम?"

मी गिरणी बंद केली, खिळ्यावरची निळी फाईल काढली, फुंकर मारून पीठ उडवलं आणि त्याला म्हटलं, "वेळ आहे ना तुमच्याकडे? मग १२ जुलैपासून सांगते."